पाच सूत

अर्ज पुतण्यानं भरला. नाव : लुमाण्णा सांबरेकर.
वय एक्केचाळीस. अनुभव : लेथ, एकोणीस वर्षं, उद्यमबाग.
शिक्षणाच्या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं.
मी म्हटलं, नववी. लिही की, लाजूलालास कशाला.

संध्याकाळच्या तुकडीला आधी चाचणी असते,
कोण कुठल्या पायरीवर बसायचा त्याची.
आणि हातात काम असेल तर दुसरी परीक्षा,
पास झालास तर वर्कशॉपचा अख्खा विषय माफ,
सहा क्रेडिट.

क्रेडिट मला ठाऊक होतं ते बसाप्पाच्या दुकानातलं,
लाल वहीत, महिनाअखेरीला खोडायचं.
इथं उलटं म्हणे. इथं कॉलेजच माझं देणं लागतं.
इतकी वर्षं ते कुणाच्या वहीत मांडलेलं होतं
विचारायचं राहिलं.

पडद्यावर भाषा दोनच : कानडी, इंग्लिश.
कानडी मी बसच्या पाट्यांवरून उचललेली.
आकडे येतात, गावं येतात,
वाक्य आलं की उतरावं लागतं.
तरी कानडीच दाबली.
इंग्लिशमध्ये मला फक्त बेअरिंगचा कॅटलॉग वाचता येतो.

सातवा प्रश्न.
वर तीन, खाली आठ. अधिक. वर एक, खाली चार.
शेजारची पोरगी, दोन वेण्या, बोटाला अजून शाळेची शाई,
खटखट पुढं गेली.
मी वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात,
चार, आणि खाली बारा,
आणि निघालो पुढच्या प्रश्नाकडं
जसा माणूस चुकून दुसऱ्याच्या घरात शिरतो
आणि चप्पल न घालताच बाहेर येतो.

दुपारी वर्कशॉप.
हुक्केरी मॅडम, बैलहोंगलच्या,
वय माझ्या लेथपेक्षा थोडं जास्त.
"बर्री, कूड्री," म्हणाल्या.
मशीनपुढं कोण बसतं? मी उभाच राहिलो.
शाफ्ट हातात दिला. मापा.
मायक्रोमीटर उचलायच्या आधी मी तो नुसता फिरवला,
अंगठा आणि मधलं बोट,
म्हटलं, मॅडम, हा सरळ नाही. मधे पोट आलंय याला.
पॉइंट झिरो चार तरी.
त्यांनी मोजला. पुसून मोजला.
तिसऱ्यांदा मोजताना कानडीत काहीतरी पुटपुटल्या,
ते मात्र मला पाटीशिवाय कळलं.

निकाल एकाच कागदावर.
वर्कशॉप : माफ. सहा क्रेडिट.
गणित : पायरी शून्य. सोमवार-बुधवार, सायंकाळी सात.
खाली शिक्का, जरा तिरका.
तुळसानं विचारलं, पास काय नापास?
मी म्हटलं, होय.
तिनं कागद डब्याखाली ठेवला, भाताचा डाग पडला त्यावर.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला
इस्माईल आला धापा टाकत, खानापूरचं पोर, नवीन.
तीन सुताचं भोक आहे मामा,
साहेब म्हणूलाल्यात पाव इंच वाढवा,
कितीचा ड्रिल लावू?

"पाचाचा," तोंडातून गेलं
आणि मी मशीन बंद केलं.
बंद केलं तरी चक थोडा वेळ फिरतच राहतो.

पाव इंच. दोन सूत.
तीन आणि दोन.
हे मी रोज दहादा सांगतो,
चहा पिता पिता सांगतो, शिव्या देता देता सांगतो,
काल खुर्चीत बसवून एवढंच विचारत होते की मला,
फक्त मधे एक आडवी रेघ मारून.

खडू घेतला. लेथच्या झाकणावर तीच रेघ काढली.
खाली आठ लिहिले.
म्हणजे इंचाचे तुकडे. एवढंच होय ते.
वरचा आकडा लिहायला हात लगेच गेला नाही.

इस्माईल ड्रिल धरून उभाच,
"मामा, पाचाचाच ना?"